लग्न नाही, मग दाव्याचा खर्च कोणी द्यायचा? नाशिकमधलं एक प्रकरण

सिडकोतून सिटीलिंकची बस पकडून ती सीबीएसला उतरली आणि विचारत विचारत जिल्हा न्यायालयातल्या माझ्या वकिलीच्या टेबलापाशी आली. बरोबर आई होती आणि हातात मुलीची चौरेघी वही. वहीच्या पुढच्या पानांवर अ, आ, इ. मागच्या पानांवर पेन्सिलीत हिशेब: झेरॉक्स ८४, रिक्षा १२०, वकील ५०००, टायपिंग ३५०. त्या हिशेबाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

"मॅडम, त्यांनी दोन केस टाकल्यात. मी अजून एकही टाकलेली नाही, तरी माझे इतके गेले," ती म्हणाली.

ही हकिगत त्या वहीची आहे. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग जसाच्या तसा आहे.

दोघं २०१६ पासून पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहत होती. ती आधी विवाहित होती. धुळ्याच्या न्यायालयातून २०१५ मध्ये रीतसर घटस्फोट झालेला. तो अविवाहित, दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराच्या घरचा. स्वतः निर्यातीच्या मालाची खरेदी बघायचा. लग्न का केलं नाही, तर जात वेगळी, त्यात ती घटस्फोटित, आणि त्याचे वडील ऐकायला तयार नाहीत. दर वर्षी "माल निघाला की बघू" असं ठरायचं. माल दर वर्षी निघायचा. २०१९ मध्ये मुलगी झाली. जन्मदाखल्यावर बापाचं नाव त्यानेच लावलं. अंबडच्या एका कारखान्यात ती अकाउंट्सला होती. बाळंतपणानंतर नोकरी सुटली आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे फ्लॅटच्या सुरुवातीच्या रकमेत गेले. फ्लॅट, कर्ज, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं त्याच्या नावावर.

जुलै २०२४ मध्ये भांडण विकोपाला गेलं. आईकडे चार दिवस जाऊन ती परत आली, तर दाराचं कुलूप बदललेलं. ऑगस्टमध्ये दोन समन्स आली. एक दिवाणी न्यायालयाचं: फ्लॅटमध्ये हिने येऊ नये म्हणून मनाई हुकुमाचा दावा. दुसरं कौटुंबिक न्यायालयाचं: पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली मुलीच्या ताब्याचा अर्ज. दोन्हीकडे वेगवेगळे वकील, ताब्याच्या अर्जातले तर मुंबईहून येणारे.

तिच्या आईला ताब्याच्या कागदाची धास्ती बसली होती. मी सांगितलं की लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई आणि मग बाप, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ६ मध्येच लिहिलेलं आहे. आईचा चेहरा जरा सैल झाला. तिचा झाला नाही. ती म्हणाली, "कायदा माझ्या बाजूला आहे, कळलं. पण तारखेला उभं राहायला पैसे लागतात ना?"

अशा प्रकरणांत खरी मेख इथेच असते. ज्याच्याकडे पैसा आहे तो दोन दावे टाकतो, तिसऱ्याची नोटीस पाठवतो आणि थांबतो. समोरची बाई चार-सहा तारखांत दमते. मग मध्यस्थीच्या खोलीत "जाऊ दे, मुलगी माझ्याकडे राहू दे, बाकी काही नको" असं लिहून देते. निकालात ती हरतच नाही, निकालापर्यंत पोचतच नाही. म्हणून खर्चाचा अर्ज पहिल्याच तारखांना लागतो. निकालानंतर मिळणाऱ्या खर्चाचा तिला काही उपयोग नसतो.

माझी चूक

विवाहित बाईसाठी ही वाट मळलेली आहे. हिंदू विवाह अधिनियम १९५५ चं कलम २४ दावा चालू असताना पोटगी आणि दाव्याचा खर्च, दोन्ही देतं. नवऱ्यालाही मागता येतं, हे बऱ्याच नवऱ्यांना ठाऊक नसतं. नाशिकच्या प्रत्येक टायपिस्टच्या कॉम्प्युटरवर 'कलम २४' नावाची एक फाईल असते. नावं बदलायची, तारीख बदलायची, प्रिंट काढायची.

माझ्या ज्युनियरने तेच केलं आणि मी न वाचता सही केली. ताब्याच्या अर्जात आमचा खर्चाचा अर्ज गेला, 'कलम २४ सह दिवाणी प्रक्रिया संहिता कलम १५१ प्रमाणे'. सामनेवाल्याच्या वकिलांनी म्हणणं लिहून देण्याचेही कष्ट घेतले नाहीत. उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, कलम २४ ला विवाह लागतो आणि विवाह अधिनियमाखालचा दावा लागतो. इथे दोन्ही नाही." न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्याने अर्ज करण्याची मुभा राखून पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, दिली आणि अर्ज मागे घेतला. तेवढ्यात पाच आठवडे गेले आणि वहीत आणखी सोळाशे रुपये चढले. ते सोळाशे मी तिच्याकडून घेतले नाहीत. माझ्या चुकीची ती अगदीच स्वस्त किंमत होती.

लग्न न करता एकत्र राहून वेगळ्या झालेल्या बाईला 'दाव्याचा खर्च आगाऊ द्या' असं म्हणणारं एक सरळ कलम आपल्याकडे नाही. कॅलिफोर्नियात आहे. तिथल्या कौटुंबिक संहितेत विवाहितांसाठी कलम २०३० आणि लग्न न झालेल्या आईबापांच्या ताब्याच्या वादासाठी कलम ७६०५. दोघांच्या मिळकती बघायच्या आणि ज्याची ऐपत आहे त्याला दुसऱ्याच्या वकिलाचे पैसे भरायला सांगायचे, असा त्याचा रोख. आपल्याकडे हे तुकड्यातुकड्यांनी जुळवावं लागतं. मी घाईत तुकडे न जुळवता तयार साचा वापरला होता.

मुलीच्या दारातून

पहिला तुकडा मुलीचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. मी "१४४ खाली अर्ज करू" म्हटलं, तर तिची आई दचकली. "१४४ म्हणजे जमावबंदी ना हो मॅडम? आम्ही कुठं जमाव केला?" तिचं काही चुकत नव्हतं. इतकी वर्षं १४४ म्हणजे जमावबंदीच. ती आता १६३ मध्ये गेली आणि तिच्या जागी पोटगी आली. कोर्टात अजून सगळे १२५ च म्हणतात.

त्या कलमात 'पत्नी' या शब्दावर भांडण आहे. लग्नासारखे एकत्र राहिलेल्या स्त्रीला पत्नी धरावं की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये चनमुनिया प्रकरणात मोठ्या खंडपीठाकडे पाठवला होता. त्या भांडणात मला तिला ढकलायचं नव्हतं. कारण त्याच कलमात मुलाबाबत शब्द स्वच्छ आहेत: अपत्य औरस असो वा अनौरस, पोटगी मिळते. आणि २००१ च्या दुरुस्तीने अंतरिम पोटगीबरोबर 'अशा कार्यवाहीचा खर्च' ही आला. तोही न्यायालयाला वाजवी वाटेल तितका. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असंही तिथेच म्हटलं आहे.

म्हणून अर्जदार मुलगी, तिच्यातर्फे आई. नाशिकला कौटुंबिक न्यायालय असल्याने अर्ज तिथे. बाईला पत्नी ठरवण्याची गरजच उरली नाही. 'अनौरस' हा शब्द लिहिताना हात थबकतो. पण दाव्यात तो टाळला, तर समोरचा वापरतो आणि तेव्हा तो शिवीसारखा वाजतो. आपणच आधी लिहिला की ती नुसती कायद्याची संज्ञा राहते.

या दाराला एक मर्यादा आहे. 'अशा कार्यवाहीचा' याचा अर्थ फक्त याच पोटगीच्या कामाचा खर्च. ताब्याचा अर्ज आणि फ्लॅटचा दावा यांचा खर्च त्यात बसत नाही.

दुसरं दार

तो खर्च बसवायला घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ लागला; त्याखालचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे केला. या कायद्यात 'विवाहाच्या स्वरूपाचे संबंध' असा शब्दप्रयोग आहे, कलम २ च्या खंड (फ) मध्ये. सगळ्याच सोबतिणी त्यात येत नाहीत. २०१० च्या वेलुसामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या: दोघं समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले हवेत, लग्नाच्या वयाचे हवेत, लग्नाला कायद्याने मोकळे हवेत, आणि स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. त्याच निकालात अमेरिकेतल्या मार्व्हिन खटल्याची आणि तिथल्या 'पॅलिमनी'ची, म्हणजे लग्नाविना राहिलेल्या जोडीदाराच्या पोटगीची, चर्चा आहे. नट ली मार्व्हिनबरोबर लग्नाविना राहिलेल्या स्त्रीचा तो खटला, १९७६ चा. पुढे २०१३ मध्ये इंद्रा सरमा निकालाने तपासायचे मुद्दे आणखी फोडून सांगितले: किती काळ, घर एक होतं का, पैसा एकत्र होता का, मुलं आहेत का, चारचौघांत कसे वावरत होते, हेतू काय होता.

'लग्नाला मोकळे' या अटीवर सामनेवाल्याने नेम धरला. म्हणण्यात लिहिलं की अर्जदाराचा पूर्वीचा विवाह कायम आहे. त्याला पक्कं माहीत होतं की तसं नाही, पण घटस्फोटाच्या हुकुमनाम्याची नक्कल तिच्याकडे नाही हेही माहीत होतं. ती नक्कल फ्लॅटमधल्या कपाटात, आणि कपाट कुलपाआड. मग पहाटेच्या एसटीने धुळे, नक्कल विभागात अर्ज, दोन खेपा, एक दिवसाची मजुरी बुडाली. वहीत नोंद: एसटी, नक्कल फी, जेवण. खर्चाचा अर्ज पहिल्याच दिवशी का लागतो, हे त्या एका पानावरून कळतं. समोरच्याने एक खोटं वाक्य फुकटात लिहिलं आणि ते खोडायला हिला दोन हजार रुपये मोजावे लागले.

एकत्र संसाराचा पुरावा मात्र घरबसल्या मिळाला. गॅसची नोंदणी तिच्या नावावर, त्याच पत्त्यावर. शाळेचा प्रवेशअर्ज दोघांच्या सह्यांचा. आणि सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीच्या तीन पावत्या, तिन्हींवर 'श्री. व सौ.'. पावती फाडणाऱ्या पोरांना कायदा कुठला माहीत असणार? ती शेजारी जे दिसतं ते लिहितात. इंद्रा सरमातल्या 'चारचौघांत कसे वावरत होते' या मुद्द्याला याहून नेमका कागद मी आजवर पाहिलेला नाही.

पण सगळ्यात मोठा पुरावा त्यानेच दिला होता. ताब्याच्या अर्जाची प्रमाणित नक्कल आम्ही काढली. तिच्या तिसऱ्या परिच्छेदात मुंबईच्या वकिलांनी लिहिलं होतं की अर्जदार व सामनेवाली २०१६ पासून पती-पत्नीप्रमाणे एकत्र राहत होते आणि मुलीला स्थिर कुटुंबाची सवय आहे. त्यांना बाप म्हणून त्याची बाजू मजबूत करायची होती. तिकडे दंडाधिकाऱ्यांपुढे नाशिकच्या वकिलांनी म्हणणं दिलं की अर्जदार ही केवळ परिचित असून माणुसकीखातर तिला काही काळ आसरा दिला होता. मधे एक जिना आणि दोन मजले. एका मजल्यावर संसार होता, दुसऱ्यावर माणुसकी. दोन वकिलांनी एकमेकांना साधा फोनही केला नसावा.

मागणीचा कागद

खर्चाचा अर्ज लिहिताना वकील फार भावनिक होतात. 'अर्जदार ही अबला असून तिला उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही.' हे वाक्य न्यायाधीशांनी हजार वेळा वाचलेलं असतं आणि अनेकदा खोटं निघालेलं असतं. ती एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात दुपारपर्यंत बिलं चढवायची, महिना ९,००० रुपये. ते मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. लपवलेलं उत्पन्न उलटतपासात बाहेर आलं की पूर्ण अर्ज बुडतो.

मग वही उघडली. तोवरची बेरीज १७,८४० रुपये होती. तिच्या पानांच्या झेरॉक्स आणि जमतील तेवढ्या पावत्या सोबत लावल्या. त्याखाली पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज: वकील फी, नकला, नोटरी, दर तारखेला बुडणारा अर्धा दिवस, मुलीला शेजारी ठेवण्याचे पैसे. डीएनए चाचणीचा खर्च धरला नाही, कारण बाप म्हणून मुलगी तोच मागत होता. कोर्ट फीही धरली नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या कामांत स्त्रियांना ती माफ आहे. जे लागतच नाही ते यादीत घातलं, की उरलेल्या यादीवरचा विश्वासही उडतो. पोटगीच्या कामात ६०,००० मागितले. हिंसाचाराच्या कामात कलम २३ (अंतरिम आदेश) आणि २० (आर्थिक दिलासा) खाली ४०,००० मागितले, त्यात ताब्याचा आणि फ्लॅटचा दावा लढवण्याचा खर्च धरून.

एक कबुली इथेच देते. या अर्जात वकिलाचाही स्वार्थ असतो. मिळालेले पैसे शेवटी बरेचसे आमच्याच खिशात येतात आणि हे न्यायाधीशांना आमच्याइतकंच ठाऊक असतं. म्हणून फीचा आकडा मी नेहमीपेक्षा कमी धरला आणि फीचं लेखी पत्र सोबत जोडलं. तोंडी फीला कोर्टात किंमत शून्य.

त्यांच्याकडून आलेला बिनतोड वाटणारा मुद्दा असा: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय इथेच आहे. मग खर्च कशाला? खरंच, फ्लॅटच्या दिवाणी दाव्यात मी तिला तिथेच पाठवलं होतं आणि पॅनेलवरच्या वकीलबाई ते काम नेटाने बघत होत्या. मी एवढंच म्हटलं की सरकार तिला वकील देतं ते सरकारचं कर्तव्य म्हणून. त्यामुळे दोन दावे टाकणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. शिवाय मोफत वकील धुळ्याची एसटी काढून देत नाही आणि बुडालेली मजुरीही भरून देत नाही. यावर न्यायाधीशांनी वहीचं पान उलटलं. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात चुकून अ-आ-इचं पानही आलं होतं. ते त्यांनी काही न बोलता बाजूला ठेवलं.

उत्पन्नाचा हिशेब

नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या कामात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सामनेवाल्याला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे आणि दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत, असं त्यात सांगितलं आहे. याने दोन्ही संधी वापरल्या. तिसरी मागितली तेव्हा न्यायाधीशांनी त्या निकालावर बोट ठेवलं आणि संध्याकाळी प्रतिज्ञापत्र आलं.

द्राक्षपट्ट्यातल्या माणसाचं उत्पन्न शोधणं हा एक वेगळाच धंदा आहे. सातबारा बापाच्या नावावर. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून विवरणपत्रात त्याची ओळ कशीबशी. व्यापारी कधी रोख देतो, कधी पुढच्या हंगामात. याचं विवरणपत्र वर्षाला ४,२०,००० रुपये दाखवत होतं आणि शेतीपुढे लिहिलं होतं 'वडिलांची, माझा संबंध नाही'. मी निर्यातबागांच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवरच्या नोंदणीच्या मागे लागणार होते. त्याची गरज पडली नाही, कारण प्रतिज्ञापत्राला जोडलेला बँकेचा उतारा पुरेसा होता. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता महिना ३१,०००. वर्षाचे ३,७२,०००. म्हणजे खाणं, पेट्रोल, मोबाईल आणि मुंबईच्या वकिलांची फी हे सगळं तो उरलेल्या ४८,००० रुपयांत भागवत होता! महिन्याला चार हजार. हा हिशेब मी कोर्टात पाटीवर मांडावा तसा सावकाश मांडला. त्याच उताऱ्यात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एका निर्यातदाराकडून मोठ्या रकमा जमा झालेल्या होत्या. त्या निर्यातदाराचं नाव मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फाईलमध्ये ठेवलं.

आदेश

जानेवारी २०२५ मध्ये, दहा दिवसांच्या अंतराने दोन आदेश आले.

कौटुंबिक न्यायालयाने मुलीला अर्जाच्या तारखेपासून महिना १०,००० अंतरिम पोटगी दिली आणि कार्यवाहीचा खर्च म्हणून २२,००० एकरकमी, ३० दिवसांत. मागितले होते ६०,०००. वकील फीचा आकडा बराच खाली आणला, पण नकला, प्रवास आणि बुडालेली मजुरी जशीच्या तशी धरली. ज्याच्यापुढे कागद होता ते मिळालं, ज्याच्यापुढे अंदाज होता ते कापलं गेलं.

दंडाधिकाऱ्यांनी प्रथमदर्शनी संबंध विवाहाच्या स्वरूपाचे मानले, ताब्याच्या अर्जातला तिसरा परिच्छेद उद्धृत करून. पर्यायी घरासाठी महिना ६,००० भाडं आणि कलम २० सह २३ खाली १५,००० रुपये. कारण वाचण्यासारखं होतं. कुलूप बदलल्यामुळे अर्जदाराला स्वतःचे कागदही मिळू शकले नाहीत, ही आर्थिक छळणूक आहे आणि ते कागद पुन्हा मिळवण्याचा खर्च हे त्या छळणुकीतून झालेलं नुकसान आहे. कलम २० मध्ये नुकसानीची यादी 'यांसह, परंतु एवढ्यापुरते मर्यादित नाही' अशी आहे. आम्ही त्याच शब्दांना लटकलो होतो. मात्र ताब्याचा अर्ज लढवण्याची फी दंडाधिकाऱ्यांनी नाकारली: ती त्या न्यायालयापुढे मागावी. हे मला पटलं नाही. बाईला बेजार करण्यासाठी दुसरा दावा टाकला गेला असेल, तर त्याचा खर्च आर्थिक छळात का येऊ नये? पण अपिलात जाऊन आणखी सहा महिने घालवण्याची ती वेळ नव्हती.

अपील त्याने केलं, मुदतीतल्या शेवटच्या आठवड्यात. स्थगिती मिळाली नाही. पैसेही आले नाहीत.

आदेश हातात आणि वही तशीच, असा फेब्रुवारी उजाडला. इकडे दिंडोरी-पिंपळगावच्या रस्त्यांवर द्राक्षांचे कंटेनर दिसू लागले. पोटगी थकली की वसुलीची दरखास्त, वॉरंट, हा नेहमीचा रस्ता. त्यात बेलिफ गावात जातो, माणूस 'बागेवर गेलेत' असं कळतं, बेलिफ परत येतो. मला ती फाईलमधली चिठ्ठी आठवली. २००५ च्या कायद्याच्या कलम २० (६) मध्ये एक तरतूद आहे, जी नोकरदाराच्या पगाराबाबत सगळे वापरतात आणि बाकीच्यांबाबत विसरतात: सामनेवाल्याने पैसे दिले नाहीत, तर त्याच्या मालकाला किंवा त्याच्या ऋणकोला, म्हणजे ज्याच्याकडून त्याला पैसे येणं आहे त्याला, ती रक्कम थेट पीडित स्त्रीला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगता येतं. द्राक्षाच्या हंगामात निर्यातदार हा मालाच्या पैशांचा ऋणकोच असतो.

अर्ज दोन पानांचा होता. सोबत बँक उताऱ्यातली मागच्या वर्षीची नोंद, अधोरेखित करून. दंडाधिकाऱ्यांनी निर्यातदाराला नोटीस काढली आणि मी ती हातबटवड्याने, म्हणजे स्वतः हाती नेऊन देण्याची, परवानगी घेतली.

नोटीस पॅकहाऊसच्या ऑफिसात पोचली तो मंगळवार होता. बुधवारी संध्याकाळी नाशिकच्या वकिलांचा फोन आला, आवाज एकदम घरगुती. "अहो मॅडम, पार्टीला कळवायचं ना आधी. पेमेंट अडकलंय त्यांचं सगळं." शुक्रवारी दोन्ही आदेशांची रक्कम, थकलेल्या पोटगीसकट, तिच्या खात्यावर आली. धंद्यात वर्षानुवर्षं कमावलेली पत एका बाईच्या १५,००० रुपयांसाठी पणाला लागलेली कोणालाच परवडत नाही. वॉरंटला न घाबरणारा माणूस व्यापाऱ्याच्या एका भुवईला घाबरतो.

ताब्याच्या अर्जात त्यानंतर मुंबईचे वकील दिसले नाहीत. तीन तारखा नुसत्या मुदतीच्या अर्जांवर गेल्या. तिसऱ्या वेळी न्यायाधीशांनी १,००० रुपये खर्च देण्याच्या अटीवर तारीख दिली, आणि चौथ्या तारखेला अर्ज मागे घेत असल्याची पुरसिस आली. दर रविवारी मुलीला भेटण्याचं तडजोडीने ठरलं. ठिकाण तिनेच सुचवलं: सोसायटीचं आवार, जिथे त्या पावत्या फाडल्या गेल्या होत्या.

फ्लॅटचा दावा चालू आहे. भविष्य निर्वाह निधीतून गेलेल्या पैशांचा बँकेचा कागद मिळाला आहे, तो पॅनेलवरच्या वकीलबाईंनी दाखल केला. परवा ती त्याच्या नकलेसाठी आली होती. वही नवीन होती, दुरेघी. मुलगी पुढच्या वर्गात गेली. मागच्या पानावर एकच नोंद: नक्कल, ४० रुपये.